राजेश्वरीच्या सैल बांगड्या

शेळगावच्या हिंदुरावांच्या घरी दोन महिन्यांपासून रोज संध्याकाळी एक वाटी तूप राजेश्वरीच्या ताटात पडत होतं. ते तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, स्वतःच्या हातानं वाढायच्या. ती नको म्हणाली की तिचं मनगट धरून सगळ्यांना दाखवायच्या.

"बगा की वो, बांगड्या कशा खाली-वर पळत्यात. पार वाळली पोर. एवढालं डोक्यात कोंबायचं म्हंजी अंगावर मास कसं ऱ्हाईल?"

राजेश्वरी मान खाली घालून तूपभात गिळायची. खरं तर हात वाळला नव्हता, बांगड्याच मोठ्या होत्या. हे घरात तिच्याखेरीज एकट्या इंद्रजितला, तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. तो समोर बसून हसू दाबत जेवायचा. त्याचं काय जात होतं? तूप तिला, आणि पापही तिलाच.

राजेश्वरी माहेरची वरकुट्याची. लहानपणी गावात लस द्यायला येणाऱ्या सिस्टरच्या मागं मागं हिंडायची, तिचा लशीचा निळा डबा उचलायला मिळावा म्हणून. कुणाला टीचर व्हायचं असतं, कुणाला पोलीस. हिला तो डबा हवा होता. बारावी सायन्सला चांगले मार्क पडले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न ठरलं. गावाकडं मार्क चांगले पडले की स्थळंही चांगली येतात, हा एक घोळच आहे. दोन वर्षं तिनं शेळगावात दोन म्हशी, तीन एकर ऊस आणि चार माणसांचा स्वयंपाक सांभाळला. मग एका रात्री इंद्रजितनं आपण होऊन विषय काढला. हंगामात तो गावच्या गुऱ्हाळावर गुळव्या होता. पाक कधी उतरवायचा हे नुसत्या वासावरून सांगणारा. तो म्हणाला, "तुला शिकायचंय न्हवं? बारामतीत नर्सिंगचं कालेज हाय. फारम भर. बाकीचं मी बगतो."

बाकीचं बघता बघता त्याच्या चपला झिजल्या. शाळेचा दाखला वडिलांच्या नावाचा, आधार नवऱ्याच्या नावाचं, जातीच्या दाखल्यावर तिसरंच आडनाव. इंदापूरच्या कचेरीत त्यानं सात खेपा घातल्या. इकडं राजेश्वरी पहाटे धार काढताना गोठ्याच्या खांबाला चिकटवलेला कागद वाचून रक्ताभिसरण पाठ करायची. प्रवेश परीक्षा झाली, यादीत नाव लागलं, आणि मग खरी परीक्षा सुरू झाली, ती चुलीपुढं.

द्वारकाबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्या विचार करत बराच वेळ भाकरी थापत राहिल्या आणि म्हणाल्या, "शिक. माझी ना न्हाय. रोज जा, रोज ये. पर एक गोष्ट ध्यानात ठेव. हातातल्या बांगड्या उतरायच्या न्हायत. माझा ल्योक जित्ता हाय तवर तुजा हात मोकळा मला दिसता कामा नये. ज्या दिवशी दिसंल त्या दिवशी शाळा बंद."

यात सासुरवास नव्हता, भीती होती. द्वारकाबाई आठ वर्षांच्या असताना त्यांचे वडील विहिरीच्या कामावर दगावले. बायकांनी त्यांच्या आईला उंबऱ्यापाशी बसवून तिचे दोन्ही हात दगडावर आपटले होते. काचा मनगटात रुतल्या. त्या काचा वेचायचं काम आठ वर्षांच्या पोरीला दिलं होतं. तेव्हापासून द्वारकाबाई बांगडी फुटली असं तोंडानं म्हणत नसत, वाढली म्हणत, आणि एक जरी वाढली तरी दुसरी भरेपर्यंत पाणी पीत नसत.

राजेश्वरीनं हो म्हटलं. तिला वाटलं, बांगड्यांचं काय एवढं!

पहिल्याच दिवशी कळलं. नूरजहाँ मॅडम वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या, बत्तीस वर्षं वॉर्डात काढून आता शिकवायला लागलेल्या. हजेरी घेताना त्या नाव नंतर घेत, आधी हात पुढं करायला लावत. नखं, अंगठी, गंडादोरा, बांगडी, कोपरापासून खाली काही नको. मंगळसूत्र युनिफॉर्मच्या आत असलं तर चालेल. राजेश्वरीच्या हातात बारा हिरव्या बांगड्या होत्या.

"मॅडम, आमच्यात उतरवत नाहीत."

"माझ्या आईच्यातही उतरवत नव्हते, बाळा," मॅडम म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यांनी खळीसारखा पदार्थ घातलेली एक काचेची बशी आणली आणि राजेश्वरीच्या बांगड्या तीत अलगद दाबल्या. "तीन दिवसांनी बघ. मग तूच सांग."

चौथ्या दिवशी त्या बशीत, जिथं जिथं बांगडी टेकली होती तिथं तिथं, पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची गोल रांग उगवली होती, शिळ्या भातावर बुरशी धरावी तशी. राजेश्वरी दिवसातून दहादा हात धुणारी मुलगी. तिनं आपले हात पाठीमागं नेले. मॅडम म्हणाल्या, "हे तुला काही करत नाही. ज्याची कातडी उघडी आहे त्याला करतं. सोमवारपासून बांगड्यांसह आलीस तर वर्गाबाहेर. आणि तीन वेळा बाहेर गेलीस तर नावच काढावं लागेल. नियम मी केलेला नाही, पण मला पटलेला आहे."

तिलाही पटला होता, हीच तर पंचाईत! न पटलेला नियम माणूस खुशाल मोडतो. इथं एकीकडं बशीतले ठिपके, दुसरीकडं उंबऱ्यावरच्या काचा, आणि दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती.

शनिवारी ती बारामतीच्या बाजारात छबूबाई कासारणीकडं गेली आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगून टाकलं. छबूबाईंनी आयुष्यभर बायकांचे हात हातात घेतले होते. त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी तिचा हात दाबून बघितला.

"दोन-चारचा हात हाय तुजा. दोन-सहाच्या घे, एक माप मोठ्या. साबण लाव, पंज्यावर प्लास्टिकची पिशवी चढव, अंगठा तळव्यात मोडून धर, अन् एकेक काढ. घाई केलीस की वाढली म्हणून समज." छबूबाईंनी करून दाखवलं. मग म्हणाल्या, "सासूला सांगून टाकलंस तर बरं. लपवाछपवी लई दिस टिकत न्हाय बाई."

राजेश्वरीनं सल्ला अर्धाच घेतला. बांगड्या घेतल्या, सांगायचं राहिलं.

मग रोजचा पाठ सुरू झाला. सकाळी सहाची एसटी, शेळगाव पाटीच्या थांब्यावरून. कॉलेजच्या बाथरूममध्ये साबण, पिशवी, बारा बांगड्या एका स्टीलच्या डबीत, मध्ये कापूस, म्हणजे वाजू नयेत. संध्याकाळी सुटल्यावर पुन्हा बारा. पहिल्या आठवड्यात तीन वाढल्या, नंतर एकही नाही. वर्गात बेड करायला शिकली, नाडी मोजायला शिकली, ताप, श्वास, तक्ता. नाडी मोजताना तिचा हात मोकळा असायचा आणि दुसऱ्याच्या मनगटावरचा ठोका थेट बोटांत यायचा. ते तिला इतकं आवडायचं की त्या एका मिनिटात ती घर विसरायची. मग एसटीत बसली की आठवायचं. रोज आठवायचं. ती घरी यायची, द्वारकाबाई आधी तिच्या हाताकडं बघायच्या, मग चेहऱ्याकडं, आणि वाटी भरून तूप आणायच्या.

शिकलेलं ती रात्री इंद्रजितला सांगायची. एकदा भाजल्यावर काय करायचं ते सांगितलं. आधी गार पाणी, वीस मिनिटं तरी. हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. तो म्हणाला, "वीस मिण्टं? तवर काहिलीतला पाक करपून जाईल की गं." दोघं हसले होते.

जानेवारीत पहिली पोस्टिंग लागली, बारामतीतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात. तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास ती एका म्हाताऱ्याचं अंग पुसत होती. तेवढ्यात नूरजहाँ मॅडम दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "राजेश्वरी, ते ठेव खाली. माझ्याबरोबर चल." मॅडमनी तिचा दंड धरला होता. एरवी त्या कुणाला हात लावत नसत.

इंद्रजित खाली कॅज्युअल्टीत होता. गुऱ्हाळावर पाकाची मोठी काहील उतरवताना कडी निसटली आणि उकळता पाक त्याच्या दोन्ही हातांवर आणि मांडीवर आला. पिकअप गाडीत घालून आणला होता. राजेश्वरी त्याच्या खाटेशी गेली. तिनं त्याचा पाय धरला, हात धरण्याजोगे नव्हते म्हणून. तो दातांवर दात दाबून म्हणाला, "वीस मिण्टं पाणी वतलं गं. गुऱ्हाळावरची माणसं हळद घिऊन आल्ती, म्या लावू दिली न्हाय." डॉक्टर म्हणाले, पाणी ओतलं ते फार बरं केलं. जिवाला धोका नाही. पण जखमेत जंतू गेले तर हातांचं सांगता येणार नाही. त्याला वरच्या मजल्यावर भाजलेल्यांच्या वॉर्डात नेलं.

राजेश्वरी बेसिनपाशी गेली आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिली. पाण्याबरोबर कपाळाची टिकली गेली, तिला कळलंही नाही. मग ती वॉर्डाच्या बाहेर बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. पांढरा युनिफॉर्म, कपाळ कोरं, हात मोकळे.

त्याच वेळी बोळाच्या दुसऱ्या टोकाला जिन्यावरून हिंदुराव आणि द्वारकाबाई वर आले. त्यांना फोनवर एवढंच कळलं होतं की इंद्रजित भाजलाय आणि दवाखान्यात नेलंय. द्वारकाबाई पुढं, पदर सुटलेला. त्यांनी सुनेला लांबून बघितलं. कपाळ बघितलं. मग सवयीनं त्यांचे डोळे खाली गेले.

त्या जिथल्या तिथं खाली बसल्या. आवाज आला तो रडण्याचा नव्हता. तसला आवाज राजेश्वरीनं आधी कधी ऐकला नव्हता, पुढंही ऐकायला मिळू नये अशी ती आजही प्रार्थना करते. "इंद्रा गेला," म्हणत द्वारकाबाईंनी फरशीवर डोकं आपटलं. हिंदुरावांनी भिंत धरली. बोळात बसलेले लोक उठून उभे राहिले.

राजेश्वरीला आधी काहीच कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. ती सासूकडं धावत सुटली.

"आत्या! हायेत वो ते! जित्तं हायेत! आत्या, माझ्याकडं बगा, बोलत्यात ते, आत्ता बोलले माझ्याशी!"

द्वारकाबाईंनी मान वर केली. कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्यांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, हिंदुरावांकडं बघितलं. श्वास जागेवर यायला वेळ लागला. तो आला आणि त्यांनी सुनेची दोन्ही मनगटं धरली.

"जित्ता हाय? मग हात का मोकळं?"

राजेश्वरीनं मनगटं सोडवायला बघितलं, सुटेनात.

"सांग की. हात का मोकळं?"

"हितं चालत न्हाईत, आत्या. सकाळी उतरवते, संध्याकाळी घालते. पहिल्यापासनं."

"पहिल्यापासनं," द्वारकाबाई म्हणाल्या. "दोन म्हयनं तू मोकळ्या हातानं हिंडतीयास, अन् माझा ल्योक तिकडं आगीपुढं." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ह्यो दिवस तू आणलास. आधी घाल त्या, मग मला त्वांड दाव. अन् शाळा आजपासनं बंद."

काहिलीच्या कडीचा आणि बांगडीचा काही संबंध नाही, हे राजेश्वरीला पक्कं माहीत होतं. तरी मनात आलं, खरंच तसं असेल तर? दोन महिने पुस्तक वाचलं म्हणून वीस वर्षांचं ऐकलेलं धुऊन निघत नाही. तिला त्या विचाराची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. तिनं खांद्याच्या पिशवीतून डबी काढली, कापूस बाजूला केला.

"घालते, आत्या. शाळापण सोडते. पण ह्या घातल्या की मला त्यांच्याजवळ जाता येणार न्हाय. त्यांचे दोन्ही हात बांधलेत. पाणी पाजायलासुद्धा माणूस लागतंय."

"मी जाते. मी त्याची आई हाय."

द्वारकाबाई उठल्या, पदर खोचला आणि वॉर्डाच्या दारापाशी गेल्या. दारातल्या सिस्टरनं त्यांना थांबवलं. एकच माणूस, गाऊन घालायचा, तोंडाला मास्क, आणि, "मावशी, हातातलं सगळं काढायचं. बांगड्या, पाटल्या, सगळं."

"न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग आत नाही."

दाराला काचेचं तावदान होतं. त्यातून इंद्रजितची खाट दिसत होती. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळून वर टांगलेले. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा फिरवली. द्वारकाबाई तावदानाला चिकटून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्या दारातून हलेनात आणि हातही पुढं करेनात. राजेश्वरी मागं डबी घेऊन उभी. तिनं बांगड्या घातल्या नव्हत्या आणि आत जायची परवानगीही मागितली नव्हती. सासूला ओलांडून आत जाणं तिला जमेना. शिकवलेलं सगळं डोक्यात तयार होतं आणि पाय उचलत नव्हता, याचा तिला स्वतःचाच राग आला.

इंद्रजितचे तात्या, म्हणजे हिंदुराव, इतका वेळ बाकावर बसून होते. कमी बोलणारा माणूस. घरात त्यांचा आवाज ऐकू आला तर म्हशीसुद्धा मान वळवायच्या. ते उठून बायकोजवळ आले.

"द्वारका, बांगड्या माझ्या नावाच्या हायेत न्हवं?"

द्वारकाबाई वळल्या.

"मी हितं हुबा हाय. धडधाकट. मी सांगतो, काढ. प्वाराला तहान लागलीया."

द्वारकाबाईंनी स्वतः एक बांगडी ओढून बघितली. पंचेचाळीस वर्षं काम केलेले हात, हाडं रुंदावलेली, बांगड्या मनगटात बसलेल्या. त्या हलेनात. "वाढवाव्या लागतील," त्या म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा आठ वर्षांच्या पोरीसारखा झाला.

"न्हाय, आत्या," राजेश्वरी म्हणाली. "एकपण वाढू देत न्हाय. या हिकडं."

तिनं त्यांना बेसिनपाशी नेलं. साबण लावला. खिशातून रोजची प्लास्टिकची पिशवी काढून त्यांच्या पंज्यावर चढवली, अंगठा तळव्यात मोडला आणि एकेक बांगडी अलगद हाडावरून फिरवत उतरवू लागली. तिची बोटं घाई करत नव्हती. एक, दोन, तीन. द्वारकाबाई आधी डोळे मिटून होत्या. मग त्यांनी डोळे उघडले आणि सुनेचे हात बघत राहिल्या. असे सराईत हात एका दिवसात होत नाहीत, हे म्हशीची धार काढणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

पाचव्या बांगडीला त्या म्हणाल्या, "तुज्या ढिल्या हायेत."

"दोन-सहाच्या घेतल्या, आत्या. उतरवायला सोप्या."

"म्हंजी हात वाळला न्हवता."

"न्हाय."

द्वारकाबाईंनी सहावी बांगडी उतरू दिली. मग म्हणाल्या, "अन् माझं एवढं तूप गिळलंस."

राजेश्वरीला तिथं रडू फुटलं. सकाळपासून दाबलेलं सगळं त्या तुपावर फुटलं. तिचे दोन्ही हात साबणाचे, डोळे पुसता येईनात. द्वारकाबाईंनीही पुसले नाहीत. राग गेला नव्हता त्यांचा. पण त्यांनी दुसरा हात पुढं केला.

बारा बांगड्या डबीत सुनेच्या बारांवर बसल्या. राजेश्वरीनं त्यांना गाऊन घातला, मागच्या नाड्या बांधल्या, मास्क लावला, हात कोपरापर्यंत कसे धुवायचे ते दाखवलं. द्वारकाबाईंनी मुकाट्यानं बोटांच्या बेचक्यासुद्धा धुतल्या. सिस्टरनं दार उघडलं. राजेश्वरी दारातच उभी राहिली.

द्वारकाबाई खाटेपाशी गेल्या. पेल्यात चमचा बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला. औषधाच्या गुंगीत इंद्रजितनं डोळे किलकिले केले. त्याला आधी मास्क दिसला, मग चमचा, मग चमचा धरलेला हात. जन्मापासून बांगड्यांशिवाय न पाहिलेला हात. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बांधलेल्या हातांनी उठायची धडपड करत तो ओरडला, "आई! तात्या? तात्यांना काय झालं?"

द्वारकाबाईंचा हात हवेत थांबला. चमच्यातलं पाणी गाऊनवर सांडलं. तासाभरापूर्वी आपण बोळात काय पाहिलं होतं, तेच आता लेकाच्या डोळ्यांत त्यांना दिसत होतं. त्यांनी दुसरा हात त्याच्या छातीवर ठेवला आणि त्याला खाली निजवलं.

"हायेत रं. भाईर हायेत, बाकड्यावर. काय सुदिक झालं न्हाय." त्यांनी पुन्हा चमचा भरला. "हितं हात मोकळंच ठेवावं लागत्यात. त्यानं कुणी मरत न्हाय. बायकूला इचार तुज्या, तिला रोज ठेवाय लागत्यात. त्वांड उघड."